मेंडेलचं किट घ्यावं का? कणसं एक नंबर, पोस्टर मात्र डब्यातच राहू द्या

आनुवंशिकता शिकवायचं जे किट ऑनलाइन मिळतं ना, मक्याची कणसं आणि चवीच्या पट्ट्या असलेलं, ते कसंय असं बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, लांबण लागली तर सांभाळून घ्या. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, असली किटं बरेच जण विकतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो, त्यामुळे तुमच्या हातात दुसऱ्या कुणाचा डबा आला तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

डब्यात काय येतं ते आधी सांगते. मक्याची तीन वाळलेली कणसं, एकात जांभळे-पिवळे दाणे ३:१, दुसऱ्यात १:१, आणि तिसऱ्यात चार प्रकारचे दाणे ९:३:३:१. मग दोन कापडी पिशव्या आणि दोन रंगांच्या प्लास्टिकच्या चकत्या. पीटीसी नावाच्या रसायनाच्या चवपट्ट्यांची छोटी बाटली, सोबत साध्या कोऱ्या पट्ट्यांची दुसरी बाटली. एक पुस्तिका. आणि एक भलंमोठं रंगीत पोस्टर, ज्यावर जीभ वळवणारा मुलगा, चिकटलेली कानाची पाळी, गालावरची खळी वगैरे. पोस्टरकडे नंतर येते, त्याच्यावर माझा वेगळा राग आहे.

मी हे किट एकाच गोष्टीवर तपासलं, की हे पोरांना मोजायला लावतं का. कारण मेंडेलचा सिद्धांत, म्हणजे आईबापाकडून गुण पुढच्या पिढीत ठरावीक प्रमाणात कसे उतरतात त्याचे नियम, ही सगळी मोजणीची कमाल आहे हो. त्याच्या आधी झाडांचे संकर कुणी केले नव्हते असं अजिबात नाही, ढिगाने केले होते. पण या पिढीचे वेगळे, त्या पिढीचे वेगळे, यात गोल किती, त्यात सुरकुतलेले किती, असं बसून आकड्यात मांडायची चिकाटी ब्रनो शहरातल्या (आताचं चेक प्रजासत्ताक) मठातल्या या साधूने दाखवली. १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं वाटाणे. त्यातही सुरुवात थेट संकराने नाही केली, बियाणेवाल्यांकडून ३४ वाण आणले, दोन वर्षं नुसते लावून बघितले की पिढ्यानपिढ्या तसेच निघतायत का, आणि त्यातले २२ पुढच्या कामाला ठेवले. हे पुस्तिकेत एका ओळीत उरकलंय, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा धडा होता, की प्रयोगाच्या आधी सामान तपासून घ्यायचं.

मोजणीचं महत्त्व किती ते बघायचं तर डार्विनकडे बघा. त्याने स्नॅपड्रॅगनची नेहमीच्या आकाराची फुलं आणि विचित्र गोलसर आकाराची फुलं असा संकर केला होता, १८६८ च्या पुस्तकात आकडेही छापलेत, दुसऱ्या पिढीत ८८ नेहमीची, ३७ विचित्र आणि २ मधली. म्हणजे ढोबळमानाने ३:१ च्या वाटेवरचं गुणोत्तर हातात होतं राव! पण डोक्यात वेगळीच थिअरी होती, शरीराच्या प्रत्येक भागातून बारीक कण येऊन बीजात जमा होतात अशी, त्यामुळे तो आकडा तसाच पडून राहिला. आकडा हातात असणं आणि आकडा दिसणं यात असा फरक असतो.

आता कणसांबद्दल. एकदम कडक माल. ३:१ वालं कणीस हातात घेतलं की आधी नुसतं बघतच बसावंसं वाटतं, गडद जांभळे, जवळजवळ काळे दाणे आणि मधे मधे चमकणारे पिवळे, कुठेही नक्षी नाही, रांग नाही, कुठे तीन पिवळे शेजारी शेजारी तर कुठे पंधरा जांभळे सलग. पोरांना वाटतं तीन जांभळे मग एक पिवळा असं ओळीने येणार, तसं नसतं हे डोळ्यांना दिसतं, आणि शंभर वेळा तोंडाने सांगून जे डोक्यात शिरत नाही ते इथे एका मिनिटात शिरतं. प्रत्येक दाणा म्हणजे वेगळं फलन, वेगळा परागकण, शेजारच्या दाण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. कणसाला आठवण नसते की आत्ताच तीन जांभळे झाले, आता पिवळा यायला हवा.

आणि मका निवडण्यामागे हुशारी आहे, ती पुस्तिकेने नीट सांगितलेली नाही म्हणून मी सांगते. कणीस ज्या झाडावर लागलं ते झाड संकराच्या पहिल्या पिढीचं, पण त्यावरचे दाणे दुसऱ्या पिढीचे. दाण्याचा जो जांभळा रंग दिसतो तो आतल्या पोषक भागाच्या सगळ्यात बाहेरच्या थरात असतो, आणि हा भाग फलनातून तयार होतो, त्यामुळे बापाकडून काय आलं ते तिथल्या तिथे दिसतं, पेरायची गरज नाही. (वरचं पारदर्शक साल मात्र आईचं असतं, ते इथे रंगहीन असल्यामुळे मधे येत नाही.) मेंडेलनेही वाटाण्यात हाच फायदा उचलला होता, बियांचा आकार आणि बियांचा रंग हे दोन गुण शेंग सोलली की दिसतात, म्हणून त्याचे सगळ्यात मोठे आकडे तेच आहेत, ५४७४ गोल विरुद्ध १८५० सुरकुतलेले, ६०२२ पिवळे विरुद्ध २००१ हिरवे. पण उंची मोजायची तर प्रत्येक बी लावून झाड वाढवायला लागतं, तिथे आकडा एकदम खाली येतो, ७८७ उंच आणि २७७ बुटकी. हे आकडे पोरांसमोर ठेवले की ती स्वतःच विचारतात की तिथे एवढे आणि इथे एवढेच का, आणि मग गप्पा भारी रंगतात.

मोजायची माझी पद्धत: एका रांगेच्या तळाशी रंगीत टाचणी लावायची, तिथून सुरुवात, रांग संपली की पुढच्या रांगेत दुसरी टाचणी, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने कागदावर रेघा मारायच्या. टोकाकडचे अर्धवट वाढलेले दाणे धरायचे की सोडायचे ते मोजायच्या आधीच ठरवायचं, मधेच ठरवायचं नाही. माझ्या भाचीने पहिल्याच दिवशी विचारलं की "मावशी, हा दाणा धड जांभळा पण नाही आणि पिवळा पण नाही, याला कुठे टाकू?" आणि मला वाटलं, झालं, किट वसूल झालं, कारण खरं विज्ञान इथून सुरू होतं.

बरं, किटच्या पानावर खाली एकाने एक स्टार देऊन लिहिलंय की कणीस डिफेक्टिव्ह आहे, आमच्या मुलाने दोन रांगा मोजल्या तर ३:१ येतच नाही, पिवळे जवळजवळ अर्धे निघाले. त्याला तिथे उत्तर देता येत नाही म्हणून इथे देते. अहो, दोन रांगांत येणारच नाही! खुद्द मेंडेलच्या पेपरमध्ये लिहिलंय की एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले मिळाले, आणि दुसऱ्या एकावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. रंगाच्या प्रयोगात एका झाडावर ३२ पिवळे आणि हिरवा एकच, आणि एकावर २० पिवळे, १९ हिरवे. त्याने ते लपवलं नाही, उलट मुद्दाम टोकाची उदाहरणं म्हणून छापलं, आणि मग २५३ झाडांच्या बिया एकत्र करून ते ७३२४ चे आकडे काढले जिथे गुणोत्तर २.९६ ला येऊन बसतं. तेव्हा दोन रांगांवर कंपनीला शिव्या घालू नका, अख्खं कणीस मोजा.

अख्खं मोजूनही नेमकं ३ येणार नाही, तेव्हा काय करायचं? पुस्तिकेच्या मागच्या पानांवर काय-स्क्वेअरची चाचणी दिलीय आणि ती चक्क चांगली समजावलीय, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. समजा ४०० दाणे आहेत, अपेक्षा ३०० आणि १००, निघाले २९० आणि ११०. फरक १० चा, त्याचा वर्ग १००, तो ३०० ने भागला की ०.३३, १०० ने भागला की १, बेरीज १.३३. दोनच गट असतील तर पाच टक्क्यांची रेघ (जी नुसत्या योगायोगाने शंभरात पाचदाच ओलांडली जाते) ३.८४ वर असते, आपण तिच्या बरेच खाली, म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो, ३:१ ला धक्का नाही. मेंडेलकडे ही चाचणी नव्हती, ती १९०० साली आली, म्हणजे नेमकी त्याच वर्षी जेव्हा ह्यूगो द व्रीस, कॉरेन्स आणि चेर्माक या वनस्पतिशास्त्रज्ञांमुळे मेंडेलचा पेपर पुन्हा उजेडात आला.

९:३:३:१ वालं कणीस थोडं अवघड आहे. जांभळा टपोरा, जांभळा सुरकुतलेला, पिवळा टपोरा, पिवळा सुरकुतलेला असे चार गट करायचे. सुरकुतलेले म्हणजे गोड मक्याचे दाणे, त्यांच्यात साखरेचं पुरेसं स्टार्च होत नाही, त्यामुळे वाळले की आक्रसतात आणि काचेसारखे दिसतात. पिवळ्यात हे पटकन ओळखू येतं, जांभळ्यात नाही, कणीस उजेडात तिरकं धरून बघायला लागतं आणि तरी चार-दोन दाण्यांवर भांडणं होतातच. लहान मुलांना हे कणीस आधी देऊ नका, वैतागतील. वाटाण्यात मेंडेलने हा दोन गुणांचा प्रयोग केला तेव्हा ५५६ बिया निघाल्या होत्या, ३१५ गोल पिवळ्या, १०८ गोल हिरव्या, १०१ सुरकुतलेल्या पिवळ्या आणि ३२ सुरकुतलेल्या हिरव्या. ते आकडे शेजारी लिहून ठेवा, पोरांना आपलं कणीस आणि त्याचे वाटाणे लावून बघायला मजा येते.

माझ्या कणसात एक-दोन दाणे ठिपकेदार होते, पिवळ्यावर जांभळे शिंतोडे उडाल्यासारखे. पुस्तिका म्हणते असे दाणे सोडून द्या. सोडून काय द्या! मक्याच्या असल्याच ठिपकेदार दाण्यांवर बार्बरा मॅक्लिंटॉक वर्षानुवर्षं बसली आणि जनुकांचे काही तुकडे गुणसूत्रावर जागा बदलतात हे तिने शोधलं, त्याबद्दल १९८३ साली नोबेल मिळालं. माझ्या कणसातले ठिपके त्याच कारणाने होते असा माझा दावा नाही, नुसत्या डोळ्यांनी ते ठरत नाही, पण हा विषय काढायची आयती संधी डब्यात पडलीय आणि पुस्तिकावाले म्हणतात मोजू नका. गंमत म्हणजे मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणासुद्धा असल्याच उपऱ्या तुकड्याची करामत आहे, स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात डीएनएचा साधारण ८०० अक्षरांचा तुकडा घुसून बसलाय म्हणून ते काम करत नाही, हे १९९० मध्ये कळलं.

याच्यावरून आणखी एक, जे मला या विषयातलं सगळ्यात आवडतं. गोल गुण प्रभावी, म्हणजे गोल आणि सुरकुतलेला अशी जनुकाची एकेक प्रत (एक आईकडून, एक बापाकडून) असलेला दाणा गोलच दिसतो. पण त्याच दाण्यातले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर ते दोन्हींच्या मधले दिसतात. मग प्रभावी आहे की नाही? कुठून बघताय त्यावर आहे! किटमध्ये मात्र प्रभावी म्हणजे जोरदार आणि अप्रभावी म्हणजे दुबळा असं कार्टून काढलंय, एक दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारं अक्षर आणि दुसरं रडणारं. कशाला? यातूनच पुढे तो गैरसमज तयार होतो की प्रभावी गुण हळूहळू सगळीकडे पसरणार. १९०८ मध्ये हाच प्रश्न पुढे आला होता, आखूड बोटं हा गुण प्रभावी आहे तर मग काही पिढ्यांनी चारातल्या तिघांची बोटं आखूड का नाहीत, आणि हार्डी नावाच्या गणितज्ञाने पानभर बीजगणितात दाखवून दिलं की बाकी काही घडत नसेल तर प्रमाण जसंच्या तसं राहतं, प्रभावी असल्याने ते वाढत नाही. हे एक पान पुस्तिकेत हवं होतं, कार्टूनच्या जागी.

चकत्यांबद्दल तक्रार आहे. कल्पना छान, आईची पिशवी, बापाची पिशवी, न बघता एकेक चकती काढायची, जोडी लावायची, नोंद करायची, परत टाकायची. पण प्रभावी वाल्या चकतीवर मधोमध उठावदार टिंब आहे! दुसरी सपाट. पिशवीत हात घातला की अंगठ्याला कळतं कुठली आहे ते, आणि मग माणूस प्रामाणिक असला तरी हात थोडा वेळ घुटमळतो. पुतण्याला ते लगेच कळलं आणि त्याने सलग इतक्या अप्रभावी जोड्या काढल्या की बाकीची पोरं चिडली. मी शेवटी टिंबं सँडपेपरने घासून टाकली, दहा मिनिटांचं काम आहे, तुम्हीही आधी तेच करा.

पण या भानगडीतून फिशरची गोष्ट सांगता आली. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने मेंडेलचे आकडे पुन्हा तपासले आणि म्हणाला, हे जरा जास्तच चांगले जुळतायत. विशेषतः एक जागा अशी की प्रभावी दिसणाऱ्या झाडांपैकी शुद्ध (दोन्ही प्रती सारख्या) किती आणि मिश्र (दोन प्रती वेगळ्या) किती हे बघायला मेंडेल प्रत्येक झाडाच्या दहा बिया लावायचा, त्यातली एक जरी अप्रभावी निघाली तरी झाड मिश्र. पण मिश्र झाडाच्या दहाही बिया प्रभावी निघण्याची शक्यता शून्य नाही, तीन चतुर्थांशाचा दहावा घात म्हणजे ५.६ टक्के. एवढी मिश्र झाडं चुकून शुद्धात मोजली जायला हवीत. म्हणजे ६०० झाडांत शुद्ध म्हणून २०० नाही, साधारण २२२ निघायला हवीत. मेंडेलचे निघाले २०१. आता यावर शंभर प्रकारची स्पष्टीकरणं दिली गेलीत, कुणी म्हणतं मदतनिसाने अपेक्षित आकडे आणून दिले, कुणी म्हणतं त्याने दहापेक्षा जास्त बिया लावल्या असतील, आणि फिशरच्या हिशोबालाच आव्हान देणारेही आहेत. माझं मत विचाराल तर मुद्दाम लबाडी केली असं मला वाटत नाही, ज्याने १४-१५ वालं झाड स्वतःहून छापलं तो आकडे शिजवायला कशाला बसेल. पण संशयाचा दाणा कुठल्या गटात टाकायचा हे ठरवताना हात घुटमळतो, ते मी चकत्यांच्या वेळी समोर बघितलंय.

शुद्ध-मिश्र वरून आठवलं, किटमधली खरी उणीव ही आहे. ३:१ मधले जे तीन आहेत ते एकसारखे नसतात, त्यात एक शुद्ध आणि दोन मिश्र, हा मेंडेलचा खरा षटकार. ५६५ गोल बिया लावल्या, त्यातल्या १९३ झाडांना फक्त गोल, ३७२ ना दोन्ही. बाहेरून सारखे दिसणारे आतून वेगळे, हे पुढची पिढी लावल्याशिवाय कळत नाही. किटमधल्या दाण्यांवर लॅकर मारलेलं आहे, पेरता येत नाहीत (आणि तोंडात तर अजिबात घालू नका). १:१ वालं कणीस त्याची थोडी भरपाई करतं, मिश्र झाडाला शुद्ध अप्रभावीचे पराग दिले की निम्मे-निम्मे, म्हणजे मिश्र झाड दोन प्रकारची बीजं सारख्याच प्रमाणात बनवतं हे सरळ दिसतं. पण पुस्तिकेने हे कणीस शेवटी ढकललंय, मी म्हणेन सगळ्यात आधी हेच द्या.

पीटीसीच्या पट्ट्या हा डब्यातला सगळ्यात लोकप्रिय भाग, सगळ्यांना आधी त्याच हव्या असतात. यामागची गोष्ट झकास आहे. १९३१ मध्ये ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायन बाटलीत भरत होता, थोडी पूड उडाली, शेजारचा सहकारी म्हणाला काय कडू आहे हे, आणि फॉक्सला काहीच लागेना, दोघांनी चाटून बघितलं तरी तेच. थोड्याच काळात कळलं की कुटुंबाकुटुंबात हा फरक मेंडेलच्या नियमाने चालतो, कडू लागणं प्रभावी. १९३९ मध्ये तर फिशर आणि मंडळींनी प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींनाही चाखवलं, त्यांच्यातही काहींना लागतं, काहींना नाही. फार पुढे कळलं की त्यांच्यातलं कारण आपल्यापेक्षा वेगळ्याच बदलामुळे आहे.

वापरताना आधी कोरी पट्टी द्या, मग पीटीसीची. काही जणांना कोऱ्या कागदाचीच चव "कडवट" वाटते, विशेषतः शेजारचा तोंड वाकडं करत असेल तर. आमच्याकडे आईने शांतपणे पट्टी चघळली आणि म्हणाली "कागद आहे नुसता", आणि तिच्या शेजारी बसलेली मावशी त्याच क्षणी उठून बेसिनकडे पळाली, सख्ख्या बहिणी दोघी! पोरं जी हसायला लागली ती थांबेचनात. पण सगळेच असे दोन टोकांचे नसतात, काहींना थोडंसंच लागतं, आणि याचं कारण आहे. हे सगळं मुख्यतः सातव्या गुणसूत्रावरच्या टीएएस२आर३८ या एका जनुकावर अवलंबून असलं, जे २००३ मध्ये सापडलं, तरी ते एकटंच सगळं ठरवत नाही, आणि त्याचे दोनाहून जास्त प्रकार आहेत.

म्हणूनच एक गोष्ट पुस्तिकेत ठळक अक्षरात हवी होती आणि ती नाहीये. आई-बाबा दोघांनाही लागत नाही आणि मुलाला लागतं असं निघालं तर त्यावरून कुणाच्या पितृत्वाबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही. पूर्वी पितृत्व तपासायला याचा वापर सुचवला गेला होता, पण ही पट्टी त्या लायकीची नाही. वर्गात पोरांना घरून तक्ता भरून आणायला सांगणार असाल तर दहा वेळा विचार करा, एखादं मूल दत्तक असतं, एखाद्याच्या घरी काही वेगळं असतं. मी वर्गात फक्त त्या खोलीतल्या पोरांचीच नोंद घेते, घरचा तक्ता नाही.

आता ते पोस्टर. "तुमच्यातले मेंडेलचे गुण शोधा" म्हणे. पहिलंच चित्र जीभ वळवण्याचं. हे १९४० मध्ये स्टर्टेव्हंटने सुचवलं होतं, तोच ज्याने १९१३ मध्ये माशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला, म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. पण १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या गेल्या, त्यातल्या ७ जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही. जनुकं तीच आणि जीभ वेगळी! स्टर्टेव्हंटने स्वतः नंतर लिहिलं की हे अजून पुस्तकांत मेंडेलचा गुण म्हणून छापलं जातं याची लाज वाटते. आणि हे लोक अजून चकचकीत कागदावर छापतायत. कानाची पाळी चिकटलेली की मोकळी, त्यावर २०१७ च्या मोठ्या अभ्यासात जीनोममधल्या (म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएतल्या) ४९ जागांचा हात दिसला, एक जनुक कुठलं घेऊन बसलात. डोळ्यांच्या रंगाचंही तेच, निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचं मूल होऊ शकतं. असलं पोस्टर घरी लावलं की एक ना एक पोरगं आरशासमोर उभं राहून हिशोब करणार आणि रडवेलं होऊन विचारणार की मी मग कुणाचा. चेष्टा नाही ही.

माणसात मेंडेलचे गुण नाहीतच असं नाही. एबीओ रक्तगट घ्या, ए आणि बी दोन्ही एकत्र दिसतात, ओ लपतो, प्रभावी-अप्रभावीच्या पलीकडचं पण शिकवता येतं. कानातला मळ घ्या, ओला की कोरडा, हसू नका, २००६ मध्ये दाखवलं गेलं की एबीसीसी११ जनुकातल्या एका अक्षरावर ते ठरतं आणि ओला प्रभावी आहे. किंवा लघवी हवेत राहिली की काळी पडते तो अल्काप्टोन्युरिया हा आजार, गॅरड या डॉक्टरने १९०२ मध्ये, म्हणजे मेंडेल पुन्हा सापडल्यावर दोनच वर्षांत, तो अप्रभावी गुणासारखा चालतो हे मांडलं होतं. पण कानातल्या मळाचं पोस्टर कोण छापणार, गालावरची खळी जास्त विकते.

पुस्तिकेतली मेंडेलची गोष्ट नेहमीचीच, एकटा दुर्लक्षित साधू, जगाने ओळखलंच नाही, डार्विनच्या कपाटात त्याचा पेपर न उघडता पडून होता. शेवटचं तर साफ खोटं, डार्विनकडे तो पेपर असल्याचा काहीही पुरावा नाही, उलट मेंडेलकडेच डार्विनचं पुस्तक जर्मनमध्ये होतं आणि त्याने त्यात खुणा केल्यात. मेंडेलने १८६५ मध्ये दोन सभांत हे वाचून दाखवलं, १८६६ मध्ये छापलं, ४० प्रती काढून घेतल्या. लोकांनी वाचलं, पण संकरांवरचा आणखी एक लेख म्हणून वाचलं. बाकी छपाई चांगली, चित्रं स्वच्छ, भाषा बरी.

टिकाऊपणा ठीकठाक. लॅकर असूनही दाणे सुटतात, विशेषतः टोकाकडचे, म्हणून मोजताना कणीस ट्रेमध्ये धरा. दमट हवेत बारीक किडे लागू शकतात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि शंका आली तर काही दिवस फ्रीझरमध्ये टाका. पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण सैल आहे, आणि दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच, एकदा मिसळल्या की संपलं, त्यामुळे बाटल्या वेगवेगळ्या ठेवा.

घ्यावं का? शाळेसाठी, क्लाससाठी, घरात तीन-चार पोरं असतील तर नक्की घ्या, कणसांसाठी घ्या, ती वर्षानुवर्षं चालतील. एकट्या मुलासाठी असेल तर नुसती कणसं सुटी मिळतात ती बघा. चार स्टार देतेय, एक पोस्टरचा कापलाय. विकणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर पुढच्या वेळी पोस्टर काढा आणि त्या जागी रंग आणि चिंबलेला दाणा हे दोन गुण नवव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात त्याचं १:१:१:१ न येणारं कणीस टाका, जिथे जुन्या जोड्या फुटून नव्या बनायचं प्रमाण जेमतेम ३.६ टक्के असतं, म्हणजे मेंडेलचा दुसरा नियम (दोन गुण एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटले जातात हा) कुठे चालत नाही तेही पोरांना मोजून बघता येईल. ते टाकलंत तर पाचवा स्टार लगेच देते.